यॉर्कशायरची तीन रायडिंग आणि आमच्या दस्तातली कर्यात

पोटापाण्याला मी जुने दस्त वाचते. कुणाला बँकेचं लोन पाहिजे असतं, कुणाचा वाटणीचा दावा असतो, कुणाला आजोबांच्या नावावरची जागा विकायची असते, मग वकीलसाहेब फाईल माझ्या टेबलावर टाकतात, बघा जरा मागचं काय काय निघतंय, आणि मी मागं मागं जात बसते. दुसऱ्या गावांत मागं गेलं की फक्त साल बदलत असेल, आमच्या बेळगावात सरकारच बदलतं. १९७३ च्या मागं गेलं की कर्नाटक नाही, म्हैसूर राज्य. १ नोव्हेंबर १९५६ च्या मागं गेलं की मुंबई राज्य, त्याच्याही मागं मुंबई इलाखा. आणि शहापूरचा कागद असला तर ते पण नाही, थेट ‘तालुका शहापूर, संस्थान सांगली’. आज कपिलेश्वरच्या पुलावरून स्कूटर काढली की पाच मिनिटात शहापूर, खरं संस्थानं विलीन होईपर्यंत तिथं राज्य पटवर्धनांचं आणि इकडं इंग्रजांचं.

चंदगडकडचा जुना कागद आला तर त्यात जिल्हा बेळगाव असतो, कारण ५६ ला आमचा जिल्हा म्हैसूरला गेला त्यातून चंदगड तालुका तेवढा वेगळा काढला आणि कोल्हापूरला जोडला. असल्या कागदांत तर्फ, परगणा, महाल, पेठा, कर्यात असली मुलखाच्या जुन्या वाटण्यांची नावं भेटतात. बाकीची मेली, कर्यात मात्र अजून आहे. कोवाड-कालकुंद्रीकडच्या माणसाला विचारा, ‘आम्ही कर्यातीतले गा’ म्हणतो, पेपरात पण ‘कर्यात भाग’ असं छापून येतं. आणि सरकारी सॉफ्टवेअरमध्ये बघायला गेलात तर असला रकानाच नाही. इकडं कर्नाटकाच्या ‘भूमी’ सॉफ्टवेअरात जिल्हा, तालुका, होबळी, गाव. तिकडं सातबाऱ्याला जिल्हा, तालुका, गाव. संपलं.

आता हे सगळं आज का काढलं तर माझा भाचा लीड्सला शिकायला आहे, त्याच्यामुळं. एका रात्री व्हॉट्सॅपवर फोटो टाकला, एका पबच्या पाटीचा, खाली मेसेज, ‘मावशी इकडं पण तुझी कर्यात आहे बघ’. पाटीवर नाव स्कायरॅक. मी म्हटलं हे काय आणि, तर म्हणतो, ‘अगं ह्या भागाचं हजार वर्षांपूर्वीचं नाव आहे, सर म्हणाले आपल्या तालुक्यासारखं काहीतरी.’ झालं, त्या दिवसापासून मी जेवण झालं की यॉर्कशायर वाचत बसायला लागले. घरातले म्हणतात दिवसभर जमिनीचे कागद वाचून पोट भरत नाही काय हिचं.

तर यॉर्कशायर. इंग्लंडातली सगळ्यात मोठी जुनी काउंटी. काउंटी म्हणजे आपला जिल्हा असं आपण म्हणतो आणि ते बरोबरच आहे, फक्त हा जिल्हा इतका दांडगा की त्याला एका माणसानं एका जागेवरून सांभाळणं कठीण, म्हणून त्याचे तीन भाग, नॉर्थ, ईस्ट आणि वेस्ट रायडिंग. डॅनिश लोकांनी ८६६ साली यॉर्क शहर घेतलं, तिथं आपलं राज्य मांडलं, आणि ही वाटणी त्यांच्याच रिवाजातली. रायडिंग ह्याचा घोड्यावर बसण्याशी काही संबंध नाही, तो त्यांच्या भाषेतला ‘तिसरा हिस्सा’ आहे, एवढं कळलं की पुढचा प्रश्न आपोआप सुटतो, तो म्हणजे साउथ रायडिंग कुठं आहे. नाहीच. तीन हिस्स्यांत चौथा कुठून आणणार. साउथ यॉर्कशायर म्हणून आज जे आहे, शेफील्ड वगैरे, ते १९७४ चं बाळ आहे, त्याच्याकडं येतेच. गंमत म्हणजे इंग्रजांनी हाच प्रकार आयर्लंडात नेऊन टिपरेरी काउंटीची नॉर्थ रायडिंग आणि साउथ रायडिंग अशी दोनच रायडिंग केली, म्हणजे दोन तृतीयांश वाटले आणि उरलेला एक कुणी नेला ते देव जाणे. २०१४ ला ते दोन्ही परत एक झाले.

आणि कॅनडात तर अजून गमतीचं. तिथं पार्लमेंटच्या मतदारसंघाला लोक आजही रायडिंगच म्हणतात. आमच्या ओळखीतली एक मुलगी टोरंटोजवळ असते, तिला विचारलं तर म्हणाली हो की, ‘आमच्या रायडिंगमधून हा निवडून आला’ असंच बोलतो. कुठं डॅनिश सैन्य आणि कुठं टोरंटो.

यॉर्क शहर मात्र तिन्हीत नव्हतं. मधोमध बसलेलं, तिन्ही रायडिंगच्या हद्दी त्याच्या अंगाला येऊन भिडायच्या, आणि १३९६ साली राजानं सनद देऊन त्या शहरालाच स्वतंत्र काउंटी करून टाकलं. शेजारचा आइन्स्टी नावाचा पट्टा १४४९ ला शहराला जोडला आणि १८३६ ला काढून वेस्ट रायडिंगमध्ये टाकला. हे वाचताना मला जाम घरचं वाटलं, एकाच शेताचा हिस्सा ह्या सरकारातून त्या सरकारात, मालक तोच, बांध तोच, वरचं शीर्षक तेवढं बदललेलं.

बरं रायडिंगच्या खाली काय, तर वापनटेक. बाकीच्या इंग्लंडात ह्याच पायरीला हंड्रेड म्हणायचे, डॅनिश वस्तीच्या पट्ट्यात वापनटेक. म्हणजे भाचा म्हणाला तसं आपला तालुका. सभा भरायची, महिन्या-दोन महिन्यांनी, उघड्यावर, आणि एखाद्या गोष्टीला मान्यता द्यायची असली तर जमलेले पुरुष हातातली शस्त्रं वर करून दाखवायचे, त्यावरूनच ते नाव पडलं असं सांगतात. सभेची जागा कुठली, तर सगळ्यांना लांबून ओळखू येईल अशी, एखादी टेकडी, एखादा क्रॉस, एखादं झाड. आणि त्या जागेचंच नाव सगळ्या वापनटेकला. बार्कस्टन अॅश म्हणजे अॅशचं झाड, क्लॅरो म्हणजे तिथली टेकडी, ऑसगोल्डक्रॉसमध्ये क्रॉस. आणि स्कायरॅक म्हणजे शायरचा ओक.

हा ओक हेडिंग्लीत होता. हो तेच हेडिंग्ली, टेस्ट मॅचवालं. म्हातारा होत होत, पोकळ खोडाला आधार देत देत तो १९४१ च्या मे महिन्यात पडला. आता तिथं रस्त्याच्या एका बाजूला ओरिजिनल ओक नावाचा पब आणि समोर स्कायरॅक नावाचा पब, दोन्हीकडं कॉलेजची पोरं. भाच्याला विचारलं की अरे त्या पबमधल्या कुणाला माहीत तरी आहे काय हे नाव कशाचं, तर म्हणतो, ‘मावशी, तिथं शुक्रवारी रात्री स्वतःचं नाव माहीत नसतंय कुणाला.’

हंड्रेडवरून एक आठवलं ते इथंच सांगून टाकते, नाहीतर राहील. ब्रिटनच्या खासदाराला राजीनामा देता येत नाही. खरंच. १६२४ च्या ठरावापासून तशी पद्धतच नाही. मग सुटायचं कसं, तर राजाच्या नोकरीतलं पद घेतलं की खासदारकी जाते, म्हणून त्याला चिल्टर्नच्या तीन हंड्रेडचा कारभारी नेमतात. बकिंगहॅमशायरमधली स्टोक, डेसबरो आणि बर्नहॅम ही ती तीन. तिथं कारभार शून्य, कुळं नाहीत, सारा नाही, काही नाही, खरं नेमणूक आजही होते आणि माणूस त्याच क्षणी माजी खासदार होतो. आमच्याकडं राजीनामे रिसॉर्टवरून येतात, ते बघायची सवय असलेल्या माणसाला हे फारच सभ्य वाटतं.

दुसऱ्या काउंट्यांत पण असले मधले थर होते, सगळ्यांची तऱ्हा वेगळी. लिंकनशायरचे तीन भाग, लिंडसी, केस्टेव्हन आणि हॉलंड, आणि त्यातल्या लिंडसीचे परत तीन रायडिंग. ससेक्सचे १०६६ नंतर नॉर्मन राजानं उभे पट्टे केले, प्रत्येक पट्ट्यात एक किल्ला, आणि पट्टा आपल्या भरवशाच्या सरदाराला, हेस्टिंग्ज एकाला, लुईस एकाला, पेव्हन्सी स्वतःच्या सावत्र भावाला. म्हणजे किल्ला आणि त्याच्या भोवतीचा मुलूख, आपल्याला काय हे समजावून सांगायला पाहिजे असं नाही. ह्यात मला एक गोष्ट बोलावीशी वाटते. आज ज्याला ते लोक आमची परंपरा, आमचा हजार वर्षांचा वारसा म्हणतात ती मुळात बाहेरून आलेल्या सैन्यानं जिंकलेला मुलूख सांभाळायला, सारा गोळा करायला, माणसं मोजायला केलेली वाटणी आहे. १०८६ ची ती प्रसिद्ध डूम्सडे नोंदवही कशासाठी, तर कोण किती देणं लागतो त्यासाठी. कुठल्याही लाडक्या मुलखाच्या मुळाशी असला एक कोरडा कारकून बसलेला असतो. मी स्वतः कारकून आहे म्हणून त्याच्याबद्दल मला जरा माया आहे.

आणि आता माझ्या कामाच्या गोष्टीवर येते, जी वाचताना मी खरंच खुर्चीत पुढं सरकून बसले.

आपल्याकडं सबरजिस्ट्रार असतो, दस्त झाला की नोंदवायचा, पुढच्या माणसानं जाऊन शोध काढायचा, ह्याच्यावरच माझं घर चालतं. आपल्याला वाटतं हे सगळं इंग्रजांनी आणलं म्हणजे त्यांच्याकडं असणारच. नव्हतं! इंग्लंडात जमिनीची विक्री झाली की कागद खरेदीदाराच्या पेटीत आणि गोष्ट संपली. कुणी आधीच गहाण टाकलीय काय, दोघांना विकलीय काय, कळायची सोय नाही. अपवाद मोजके, त्यातला एक लंडनला चिकटलेला मिडलसेक्स, आणि दुसरा यॉर्कशायर. तो पण अख्खा यॉर्कशायर एकदम नाही, रायडिंगवार. वेस्ट रायडिंगची दस्त नोंदणी कचेरी १७०४ ला वेकफील्डला सुरू झाली, ईस्ट रायडिंगची १७०८ ला बेव्हर्लीला, नॉर्थ रायडिंगची १७३६ ला नॉर्थॅलर्टनला.

वेस्ट रायडिंग पहिलं का, तर लोकर. लीड्स, हॅलिफॅक्स, हडर्सफील्ड, वेकफील्ड, ह्या पट्ट्यात घरोघरी कापड विणायचे, व्यापारी ते घ्यायचे, आणि ह्या धंद्याला भांडवल लागायचं. छोट्या कापडवाल्याकडं तारण काय, तर थोडी जमीन. सावकार म्हणणार जमीन तुझी कशावरून, आधी कुणाकडं गहाण नाही कशावरून. मग पार्लमेंटकडून कायदाच करून घेतला की आमच्या रायडिंगपुरती नोंदणी पाहिजे. कचेरीत अख्खा दस्त नाही, त्याचा गोषवारा नोंदवायचे, कुणी, कुणाला, कुठल्या गावातली, कुठली जागा, साक्षीदार कोण, आणि त्याला नावांची इंडेक्स. अहो हे आमचंच काम! लोन पाहिजे म्हणून सर्च! तीनशे वर्षांपूर्वी वेकफील्डला एखादा माझ्यासारखा बसून गोषवारे उतरवत असणार, आणि बाहेर कापडवाला अस्वस्थ होऊन फेऱ्या मारत असणार, झालं काय हो, झालं काय हो. ह्या कचेऱ्या १९७० च्या दशकापर्यंत होत्या. इंग्लंडभर सगळीकडं जमीन विकली की मालकी हक्क नोंदवायलाच पाहिजे हा नियम लागू झाला कधी, तर १ डिसेंबर १९९० पासून. आणि आपल्याकडचा नोंदणी कायदा १९०८ चा. हे मी ऑफिसात सांगितलं तर कुणी विश्वास ठेवेना, वकीलसाहेब पण म्हणाले तपासून बघा परत.

नुसती नोंदणीच नाही, प्रत्येक रायडिंगचं न्यायालय वेगळं, तिमाही बसायचं. प्रत्येकाचा राजप्रतिनिधी वेगळा, १६६० पासून. सैन्यभरती वेगळी. निवडणूक मात्र १८३२ पर्यंत सगळ्या काउंटीची एकच, आणि मतदान यॉर्कला जाऊनच करायचं. १८०७ ची निवडणूक फार गाजली, पंधरा दिवस मतदान चाललं, उमेदवारांनी मतदारांना घोडागाडीतून आणायचं, खाऊ घालायचं, ठेवून घ्यायचं, पैशाचा नुसता पूर. शेवटी १८३२ च्या सुधारणेत प्रत्येक रायडिंगला दोन दोन खासदार दिले. आणि १८८९ ला काउंटी कौन्सिलं आली तेव्हा तिन्ही रायडिंगला वेगवेगळी कौन्सिलं, वेकफील्ड, बेव्हर्ली, नॉर्थॅलर्टन, त्याच जुन्या गावांत.

मग आला १ एप्रिल १९७४. तारीख बघा.

१९७२ च्या कायद्यानं तिन्ही रायडिंगची कौन्सिलं त्या दिवशी बंद. नॉर्थ यॉर्कशायर, वेस्ट यॉर्कशायर, साउथ यॉर्कशायर अशी नवी नावं, वर टीज नदीकडं क्लीव्हलंड नावाची नवी काउंटी, आणि खाली ईस्ट रायडिंगचा बराचसा भाग आणि नदीपलीकडचा उत्तर लिंकनशायर एकत्र करून हंबरसाइड. कडेचे तुकडे तर वाटूनच टाकले. सेडबर्ग कंब्रियाला, बार्नोल्ड्सविक लँकेशायरला, सॅडलवर्थ ग्रेटर मँचेस्टरला.

आता यॉर्कशायर आणि लँकेशायर हे पिढ्यानपिढ्यांचे खुन्नसवाले, ह्यांची खूण पांढरा गुलाब, त्यांची लाल गुलाब. त्यातल्या यॉर्कशायरवाल्याला झोपेतून उठवून सांगायचं की तू आता मँचेस्टरचा, म्हणजे काय झालं असेल बघा. खरं सॅडलवर्थची केस मी म्हणते तेवढी सरळ नाही. ते गाव पेनाइन डोंगराच्या पश्चिम उतारावर, म्हणजे मँचेस्टरच्याच बाजूला, पाणी पण तिकडंच वाहतं, आणि पूर्वी चर्चच्या कामाला ते लँकेशायरमधल्या रॉचडेल पॅरिशखाली होतं. नकाशा घेऊन बसलेल्या साहेबानं त्याला मँचेस्टरला टाकलं तर नकाशाप्रमाणं तो चुकला असं म्हणता येत नाही. तरी १ ऑगस्टला सॅडलवर्थवाले पांढऱ्या गुलाबाचे झेंडे लावतात. चर्च त्यांचं, नदी त्यांची, माणसं मात्र आमची, असलं त्रांगडं सीमेवर राहणाऱ्याला नवीन नाही. बाचीपर्यंत कर्नाटक, पुढं शिनोळीपासून महाराष्ट्र, आणि शिनोळीवाल्यांचा बाजार, दवाखाना, कॉलेज सगळं बेळगावला.

१ ऑगस्ट म्हणजे यॉर्कशायर डे. पहिला साजरा झाला १९७५ ला, बेव्हर्लीत, रायडिंगवाल्यांच्या संस्थेनं निषेध म्हणून चालू केला. तारीख निवडली ती १७५९ च्या मिंडेनच्या लढाईची, त्यात यॉर्कशायरची पलटण होती आणि शिपायांनी टोपीला गुलाब खोवले होते अशी आठवण सांगतात. ह्या दिवशी यॉर्कच्या तटाच्या वेशींवर जाहीरनामा वाचतात, वेस्ट रायडिंगकडं तोंड करून मिकलगेट वेशीत, नॉर्थकडं बूथम वेशीत, ईस्टकडं वॉल्मगेट वेशीत, आणि त्यात सांगतात की यॉर्कशायर म्हणजे तीन रायडिंग आणि यॉर्क शहर, आणि ह्या हद्दी इतकी इतकी वर्षं जुन्या आहेत. आकडा दरवर्षी एकानं वाढतो, मोजायला सुरुवात सन ८७५ पासून. मला हे फार आवडलं. वेशीत उभं राहून हद्द मोठ्यानं वाचायची, पूर्वेस अमुक, पश्चिमेस तमुक, आमच्या दस्तातल्या चतुःसीमेसारखं.

सरकारचं म्हणणं त्यावेळी काय होतं ते पण ऐकण्यासारखं आहे. त्यांनी ७४ लाच सांगितलं होतं की ही नवी रेघ फक्त कौन्सिलच्या कारभारापुरती आहे, जुन्या काउंटीच्या हद्दी त्यानं बदलत नाहीत आणि लोकांनी आपली निष्ठा बदलावी असा आमचा काही इरादा नाही. लग्नात मुलीचं नाव बदलतात, तरी माहेरची माणसं जुन्याच नावानं हाक मारतात आणि कुणी त्यांना दंड करत नाही, तसला समजूतदार प्रकार.

क्रिकेटवाल्यांनी तर सरकारला विचारलंच नाही. यॉर्कशायर क्लबचा नियम, आमच्याकडून खेळायचं तर जन्म यॉर्कशायरच्या जुन्या हद्दीत झालेला पाहिजे. ७४ ची रेघ ह्यांच्या लेखी नाहीच. बाळंतपणाच्या वेळी बाईला गाडीत घालून हद्दीच्या आत आणल्याच्या गोष्टी तिकडं चवीनं सांगतात, किती खऱ्या किती तिखटमीठ लावलेल्या कुणास ठाऊक. आणि ह्याच क्लबचा सगळ्यात गाजलेला जुना कॅप्टन लॉर्ड हॉक, तो जन्मला लिंकनशायरात. म्हणजे नियम गरिबाला. हा नियम शेवटी सुटला १९९२ ला, आणि हद्दीबाहेरचा पहिला परदेशी खेळाडू म्हणून कोण आला, तर एकोणीस वर्षांचा सचिन तेंडुलकर! खरं तर ऑस्ट्रेलियाचा क्रेग मॅकडरमॉट ठरला होता, त्याला दुखापत झाली, आणि सचिनला बोलावलं. डोक्याला त्यांची ती चपटी टोपी, हातात ग्लास, तो फोटो बघितला असेल तुम्ही. त्या सीझनला त्यानं हजाराच्या वर धावा केल्या. नंतर मँचेस्टरकडं जन्मलेला मायकल वॉन पण आत आला आणि पुढं इंग्लंडचा कॅप्टन झाला. शेकडो वर्षांची हद्द साहित्य सहवासातल्या पोरानं ओलांडली, हे भाच्याला सांगितलं तर त्याला माहीतच नव्हतं. हेडिंग्लीला राहतो आणि हे माहीत नाही, काय करायचं ह्या पोरांचं.

हंबरसाइडची गोष्ट राहिली. सगळ्यात फसलेला प्रयोग तो. मध्ये हंबर नदीचं हे एवढं रुंद पात्र, उत्तरेला हल, दक्षिणेला ग्रिम्सबी, आणि म्हणे दोन्ही एक काउंटी. काउंटी झाली ७४ ला, आणि पूल झाला १९८१ ला. मधली सात वर्षं आपल्याच काउंटीत जायला होडी नाहीतर गूलवरून लांबचा वळसा. पूल मात्र झकास, मधला गाळा १४१० मीटर, त्यावेळी जगात सगळ्यात लांब आणि १९९८ पर्यंत तो मान त्याच्याकडंच होता. खरं पुलानं मनं जोडली नाहीत. पत्त्यात नॉर्थ हंबरसाइड लिहायचं आलं तर लोक मुद्दाम ईस्ट यॉर्कशायर लिहायचे, पत्र पोचायचंच, पोस्टमन पण त्यातलाच. शेवटी १ एप्रिल १९९६ ला, परत तीच तारीख, हंबरसाइड रद्द आणि ईस्ट रायडिंग नावाचं कौन्सिल परत आलं. क्लीव्हलंड पण त्याच दिवशी गेली. पोलीस मात्र अजून हंबरसाइड पोलीसच, आणि एक विमानतळ.

मग मी विचार करत बसले की रायडिंग टिकलं आणि वापनटेक का गेलं. स्कायरॅक डे कुणी साजरा करत नाही, पबची पाटी तेवढी उरली. माझं उत्तर असं की वापनटेकमधली कामं केव्हाच काढून घेतली होती, कोर्ट गेलं, सारा गेला, पोलीस गेले, मग त्या नावाचं माणसाला काही कामच पडेना. रायडिंगमध्ये मात्र ७४ पर्यंत दस्त होता, शाळा होती, रस्ता होता, नोकरी होती. माणूस ज्या कचेरीच्या पायऱ्या झिजवतो त्या नावाला चिकटतो, शिव्या देत देत चिकटतो. खरं मग हंबरसाइडकडं पण बावीस वर्षं सगळी कामं होती की, ते का नाही चिकटलं? तिथं माझं उत्तर अर्धं पडतं. नदीच्या उत्तरेकडचा ईस्ट रायडिंगवाला कुठल्याच कामाला ग्रिम्सबीला जात नव्हता, त्याचं मुख्य ठिकाण पूर्वीही बेव्हर्ली आणि नंतरही बेव्हर्ली, म्हणजे त्याच्या पायांना काही फरकच पडला नाही, पडला तो फक्त लेटरहेडला. आणि लेटरहेडवर कुणी प्रेम करत नाही. आमचं कर्यात सरकारदरबारी कुठंच नसून टिकलं ते पण बहुतेक पायांमुळंच, सोयरिकी त्याच गावांत, बाजार तोच, जत्रा त्याच.

आता हे सगळं वाचून कुणी म्हणेल, बघा, इंग्लंडात हद्द बदलली तरी लोक झेंडा लावतात आणि गप बसतात, तुम्ही बेळगाववाले उगीच. माझं तसं म्हणणं नाही. सॅडलवर्थ मँचेस्टरला गेलं तेव्हा कचऱ्याची गाडी बदलली, घरपट्टीच्या बिलावरचं नाव बदललं, बिलाची भाषा बदलली नाही. आमच्याकडं रेघेबरोबर उताऱ्याची भाषा बदलली. ५६ च्या आधीचा मराठी उतारा माझी आई घडाघडा वाचायची, नंतरचा कन्नड उतारा घेऊन तिला शेजारच्या मास्तरांकडं जावं लागायचं, स्वतःच्याच जमिनीत काय लिहिलंय विचारायला. मी शिकले कन्नड, पोट आहे त्याच्यावर, आणि आवडते पण मला ती भाषा, कन्नड कवी बेंद्रे वाचते मी. खरं ज्याची कचेरीत गेल्यावर सही करायची जागा पण कळत नाही त्याला ‘ही फक्त कारभाराची रेघ आहे’ म्हणून सांगायची सोय नाही. महाजन अहवाल १९६७ चा, सुप्रीम कोर्टात केस २००४ पासून, ते चालू दे तिकडं. मी इथं रोज बघते ती एवढीच गोष्ट, म्हातारा माणूस, हातात पहाणी म्हणजे आमच्याकडचा कन्नड उतारा, आणि ‘बाई जरा वाचा हे’.

यॉर्कशायरात भाषा एकच असल्यामुळं त्यांना असल्या वादाची चैन परवडते असं मी भाच्याला म्हटलं, तर म्हणाला, ‘मावशी तू गूलचं बघितलंस काय?’ मग बघितलं. गूल हे बंदराचं गाव, जुन्या हिशेबानं पक्कं वेस्ट रायडिंग. ७४ ला ते हंबरसाइडमध्ये घातलं, ९६ ला हंबरसाइड मोडल्यावर ते गेलं नव्या ईस्ट रायडिंग कौन्सिलमध्ये, आणि उलट फायली गाव, जे जुन्या ईस्ट रायडिंगमधलं, ते राहिलं नॉर्थ यॉर्कशायरमध्ये. म्हणजे नाव परत आलं, हद्द नाही आली. गूलच्या माणसानं १ ऑगस्टला कुठल्या वेशीत उभं राहायचं, मिकलगेट का वॉल्मगेट? कौन्सिल टॅक्स ईस्टला भरतोय, जाहीरनामा वाचतोय तो त्याला वेस्टचा म्हणतोय. भाच्याला सांगितलंय, गूलचं कुणी भेटलं तर विचारून ठेव.